हात कानाला लागला का?

"हात कानाला लागला का?"

पडद्याच्या पलीकडून हा प्रश्न आला की समजायचं, माप संपलं. आता पदर सावरा, पर्स उचला आणि बाहेर येऊन मास्टरांशी तारखेवरून भांडा.

जुन्या नाशकात भद्रकालीच्या मागच्या एका बोळात आमच्या मास्टरांचं दुकान होतं. लेडीज टेलर. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. त्यात दोन शिलाई मशिनं, एक बिनडोक्याचा पुतळा आणि मधोमध पडदा. लेडीज टेलर तुमच्याही गल्लीत असेल, पण गिऱ्हाइकाकडे पाठ करून माप घेणारा टेलर तुम्ही पाहिला नसेल. मास्टर कुठल्याही बाईला हात लावत नसत, टेपसुद्धा लावत नसत. पडद्याच्या आत त्यांची बायको, आम्हा सगळ्यांची भाभी, टेप धरायची आणि ओरडून सांगायची, "छत्तीस, लिखो!" बाहेर मास्टर पडद्याकडे पाठ करून उभे. कानावरची पेन्सिल काढायची, वहीत आकडा टाकायचा, पेन्सिल परत कानावर.

"हात सैल सोडा, ताई. श्वास रोखू नका."

"मी श्वास रोखला ते तुम्हाला बाहेरून काय दिसलं?" मी एकदा आतून विचारलं.

"तुमचा आवाज बंद झाला ना," मास्टर म्हणाले.

भाभी तोंडाला पदर लावून हसली. मला राग आला. मला राग यायला फारसं काही लागत नाही, हे तुम्हाला पुढे कळेलच.

आमची पहिली ओळखही भांडणातूनच झालेली. मी सव्वा मीटर कापड दिलं होतं आणि उरलेला तुकडा परत मिळाला नाही. टेलर कापड खातात हे सगळ्या जगाला माहीत आहे, म्हणून मी दुकानात उभी राहून तोंडाचा पट्टा सोडला. मास्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पडद्याचा एक कोपरा उचलून दाखवला. तो पडदा म्हणजे आम्हा बायकांच्या ब्लाऊजपिसांचे उरलेले तुकडे जोडून केलेली गोधडीच होती. माझा मोरपंखी तुकडा खालून तिसऱ्या ओळीत होता. "घेऊन जायचाय? उसवून देतो," ते म्हणाले. मग काय बोलणार! त्यानंतर अकरा वर्षं माझा एकही ब्लाऊज दुसरीकडे शिवला गेला नाही.

मापाच्या शेवटी ते दोन्ही हात वर करायला लावत. दंड कानाला टेकले पाहिजेत. ज्या बाईचे टेकत नाहीत तिच्या नावापुढे वहीत एक छोटं वर्तुळ. त्या बाईच्या ब्लाऊजला काखेत तिकोनी तुकडा जोडायचा, म्हणजे हात उचलताना ओढ बसत नाही. असं करायला कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगितल्याशिवाय करणं ही त्यांची खोडच होती.

मी राहते पंचवटीत आणि कामाला अंबडला, इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात. माणसापेक्षा उंच लोखंडी कपाटं असतात, त्यात दोन्ही हात वर धरून तारा ओवायच्या. दिवसभर हात खांद्याच्या वर. अकरा वर्षं मी हे काम केलं ते एका आशेवर. कंत्राटातून कायम करायच्या कामगारांची यादी निघणार होती आणि तिच्यात माझं नाव होतं.

आता लसीचं सांगते.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनं बंद असतात. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, आणि सगळ्या बायका नटून थटून. त्या वर्षी साहेबांनी ठरवलं की सगळे आयते जमलेत, मशिनं बंद आहेत, तर करोनाच्या लसीचा दुसरा डोस याच दिवशी उरकून घेऊ. एका खासगी दवाखान्याला पैसे भरून कंपनीत शिबिर ठेवलं. विचार चांगला होता. फक्त एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. एरवी आम्ही ढगळ ड्रेसवर कंपनीचा कोट घालून येतो. त्या दिवशी लाइनवरच्या आम्ही सगळ्या बायका नव्या ब्लाऊजमध्ये होतो, नवरात्रातला त्या दिवसाचा रंग गुलाबी म्हणून गुलाबी, आणि बाह्या कोपरापर्यंत घट्ट.

माझी तर सगळ्यात घट्ट. त्या ब्लाऊजचं माप देताना मास्टर पडद्याबाहेरून म्हणाले होते, "ताई, दंडात बारा ठेवू का? साडेअकरा आवळेल."

"साडेअकराच ठेवा. हात माझा आहे."

"हात तुमचाच आहे," ते म्हणाले आणि साडेअकरा लिहिलं. त्याच दिवशी शेवटी माझे दोन्ही दंड कानाला टेकले होते. भाभीने ओरडून सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा.

गेटजवळ मांडव, मांडवात एक टेबल, एक खुर्ची आणि बायका-पुरुषांची एकच रांग. सुई टोचणारी नर्स वीस-बावीस वर्षांची पोर, उभी होती. मी बसले. तिने बाही वर सरकवायला बघितलं, ती कोपरालाच अडली. माझ्यामागे चाळीस-पन्नास बाप्ये उभे. सुपरवायझर समोर मोबाईल धरून फोटो काढत होता. "ताई, गळ्याकडून थोडं सरकवते," पोर हळूच म्हणाली. मीही लाजेने अंग चोरलं आणि म्हटलं, कर बाई लवकर. तिने गळा बाजूला ओढला, जेवढा खांदा उघडा पडला तिथेच सुई घातली. हाडावर ठक्क झाल्यासारखं वाटलं. फोटोत मी हसतेय आणि दोन बोटं दाखवतेय.

दोन दिवस सगळ्यांचेच हात दुखले. मग सगळ्यांचे थांबले, माझा डावा खांदा थांबला नाही. पंधरा दिवसांनी वेणी घालता येईना. दिवाळीत चकलीचा सोऱ्या दाबायला आमच्या ह्यांना बसवलं. रिक्षा चालवणारा माणूस, त्याने चकल्या कसल्या पाडल्या ते विचारू नका. रात्री त्या कुशीवर वळलं की डोळ्यांपुढे काजवे. जवळच्या डॉक्टरांनी हात न लावताच सांगितलं, "वय झालं. साखर तपासा." साखर तपासली. नव्हती. मग त्यांनी मानेचा पट्टा दिला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

कारखान्यात हात वर जाईना म्हटल्यावर मला आधी पॅकिंगला बसवलं. मग एक दिवस सुपरवायझर म्हणाला, "ताई, बरं वाटेपर्यंत घरीच राहा ना." गोड बोलला. पण घरी राहिलेल्या बाईचं नाव यादीत राहत नसतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

त्याच आठवड्यात, तो गुलाबी धरून, चार ब्लाऊज घेऊन मी मास्टरांकडे गेले. हात बाहीत जातच नव्हता, म्हणून सैल करून हवे होते. भाभीने टेप लावला, आकडे सांगितले. बाहेरून नेहमीचा प्रश्न आला, "हात कानाला लागला का?"

भाभी बोलली नाही. माझा डावा हात छातीच्या वर जातच नव्हता आणि मी ओठ दाबून उभी होते.

"काय झालं?"

"नहीं लगा," भाभी म्हणाली.

बाहेर पानं उलटल्याचा आवाज आला. मग मास्टर म्हणाले, "खंडेनवमीच्या आधी लागत होता. वर्तुळ नाही इथं."

एवढं ऐकलं आणि मी तिथे पडद्याआड रडले. दीड महिन्यात वय काढणारे भेटले, साखर काढणारे भेटले, नाटक करते म्हणणारेही भेटले. माझा हात आधी चांगला होता, असं म्हणणारा पहिला माणूस हा.

मी बाहेर येऊन त्यांना शिबिराचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल जवळ धरला, लांब धरला. मग खडू घेऊन पुतळ्याच्या खांद्यावर एक रेघ मारली. "हा सांधा. बाहीची शिलाई इथे येते. सुई गेली हिच्या वर." त्यांनी खडू टेकवला. "ताई, इथे आम्ही टाचणीसुद्धा लावत नाही. खाली हाड असतं."

त्यांनीच मला हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. भाभी सोबत आली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तेच सांगितलं जे टेलरने खडूने काढून दाखवलं होतं. सुई फार वर गेली, सांध्यातल्या पिशवीला सूज आली आणि त्यातून खांदा आखडला. बरा होईल, पण महिने लागतील. व्यायाम म्हणजे भिंतीसमोर उभं राहून बोटं हळूहळू वर चढवायची. मास्टरांनी त्यासाठी दुकानाची चौकट दिली. मी आठवड्यातून दोनदा जायची, बोटं चढवायची, जिथे थांबतील तिथे भाभी खडूने खूण करून जमिनीपासून टेप लावायची आणि मास्टर पाठ करून विचारायचे, "किती?"

"अडतालीस."

"मागच्या वेळी सत्तेचाळीस होते. चला, चहा सांगा."

दुकानाच्या बोळात तोवर बातमी फिरली होती की लसीने हिचा हात गेला. एक जण तर मोबाईल घेऊन आला. म्हणाला, "ताई, तुमचा व्हिडिओ करू, सगळीकडे पाठवू, लस घेऊ नका म्हणून सांगा." मी तयारच होते. इतकी चिडलेली होते की कुणीही माईक दिला असता तरी बोलले असते. मास्टरांना कळलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून बोलले.

"खोटं नका बोलू, ताई. लस चुकली नाही, जागा चुकली. माझा मोठा भाऊ लस यायच्या दोन महिने आधी गेला. ती सुई त्याला मिळाली असती तर वाट्टेल तिथे टोचून घेतली असती त्याने."

मी गप्प बसले. मी गप्प बसण्याचे प्रसंग मोजकेच आहेत, म्हणून हा नीट लक्षात आहे.

शिबिर घेणाऱ्या दवाखान्याला आम्ही पत्र दिलं. त्यांचं उत्तर आलं की रुग्णाचा खांदा वयामुळे आखडला असून हे दुखणं जुनं आहे. झालं! कंपनीनेही तेच धरलं. जुनं दुखणं असलेल्या बाईला कायम कोण करणार? मास्टरांच्या गिऱ्हाइकांत एक वकीलबाई होत्या. त्यांनी ग्राहक आयोगात तक्रार लावली. पैसे कंपनीने भरले असले तरी सेवा तुम्ही घेतलीत, म्हणून दाद तुम्हाला मागता येते, असं त्यांनी मला समजावलं. पुढे प्रकरण मध्यस्थीला गेलं. म्हणजे दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवून, त्रयस्थ माणसासमोर जमतंय का बघायचं. वकीलबाई म्हणाल्या, "सगळा प्रश्न एकच आहे. तुमचा हात आधी चांगला होता, हे दाखवायचं कसं? काही कागद आहे?"

माझ्याकडे कसला कागद! मी आयुष्यात कधी खांद्याच्या डॉक्टरकडे गेलेच नव्हते.

"वही आहे," मास्टर म्हणाले.

म्हणाले खरं, पण लगेच मान खाली घातली. "फक्त ती वही तुम्ही वाचू नका, ताई. वकील मॅडमना देऊ." मला वाटलं, बायकांची मापं आहेत, म्हणून संकोच असेल.

मध्यस्थीच्या दिवशी मास्टर स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घालून आले. वही एका रुमालात बांधलेली. भाभी बुरख्यात, हातात पिशवी. समोर दवाखान्याचे एक अधिकारी, त्यांचे वकील आणि कोपऱ्यात ती नर्स. तिला पाहिल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वकीलबाईंना सांगूनच ठेवलं होतं की बाकी काही मिळो न मिळो, हिची नोकरी गेली पाहिजे.

मध्यस्थ एक वयस्क मॅडम होत्या. समोरच्या वकिलांनी मास्टरांना विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही साहेब. लेडीज टेलर."

"या बाईंचा हात वर जाताना तुम्ही स्वतः पाहिलाय?"

"नाही साहेब. पस्तीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाचं माप पाहिलं नाही. ऐकलंय." मग त्यांनी भाभीकडे हात केला. "बघते ती."

भाभी उभी राहिली. घाबरलेली होती, पण शब्द ठाम. "दोनों हाथ कान को लगे थे. मैंने बोला, इन्होंने लिखा."

मॅडमनी वही उघडली आणि एकेक पान बघत गेल्या. "हे वर्तुळ काय आहे?" मास्टरांनी सांगितलं. मॅडमनी मोजून बघितलं. कितीतरी बायकांपुढे वर्तुळं होती, पुढे कुणाची खोडलेली, कुणाची नव्याने आलेली. माझ्या अकरा वर्षांच्या मापांपुढे एकही नव्हतं. खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यातही नाही. दिवाळीनंतरच्या मापापुढे मात्र होतं.

"पण इथे कुणाचीच नावं दिसत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"नावं सारखी असतात, मॅडम. पाच सुनीता आहेत माझ्याकडे. म्हणून खूण लिहितो." आणि खरंच, वहीत 'पोस्टातल्या बाई', 'दोन वेण्या', 'काळा कोट' अशी गिऱ्हाइकं होती. काळा कोट म्हणजे आमच्या वकीलबाई.

"मग या बाई कोणत्या?" मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि वाचलं, "लवंगी मिरची?"

मास्टर जमिनीकडे बघत होते. अकरा वर्षं! अकरा वर्षं हा माणूस मला 'ताई, ताई' म्हणत होता आणि वहीत! मी तोंड उघडलं, तेवढ्यात समोरचे वकीलच फस्सकन हसले. मग मॅडम हसल्या, मग ती नर्ससुद्धा. "खूण पटली," मॅडम म्हणाल्या. आता भांडावं तरी कुणाशी?

पण वकील हसून थांबणारे नव्हते. त्यांनी त्या गुलाबी ब्लाऊजच्या मापावर बोट ठेवलं. "इथे 'बारा' खोडून 'साडेअकरा' लिहिलंय. म्हणजे बाही मुद्दाम घट्ट शिवली?"

"हो साहेब. मी बारा म्हणालो होतो. ताई साडेअकरा म्हणाल्या."

"म्हणजे घट्ट कपडे घालून लस घ्यायला येणं ही बाईंचीच चूक."

मी मास्टरांकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. एवढं सांगायची काय गरज होती? पाल्हाळ न लावता 'आठवत नाही' म्हणता आलं असतं ना! माझी यादी, माझी अकरा वर्षं, सगळं त्या अर्ध्या इंचावर जाणार असं मला दिसायला लागलं.

मास्टरांनी भाभीच्या पिशवीतून तोच गुलाबी ब्लाऊज काढला, पुतळ्यावर नेऊन बसवावा तसा टेबलावर पसरला आणि खिशातून छोटी कात्री काढली. बाहीच्या आतल्या शिलाईत टोक घातलं. टक, टक. दोन टाके तुटले, त्यांनी दोरा ओढला आणि बाही कोपरापासून खांद्यापर्यंत उघडली.

"बाही आडवी आली तर बाही उसवायची असते, साहेब. आत कापड राखलेलं असतं, पुन्हा शिवता येतं. खांदा पुन्हा शिवता येत नाही." मग ते त्या नर्सकडे वळले आणि आवाज एकदम खाली आला. "पण या पोरीला तुम्ही कात्री दिली होती का? पडदा दिला होता? माझ्या आठ बाय दहाच्या खोलीत पडदा आहे. एवढ्या मोठ्या मांडवात नव्हता."

मग ती पोरच बोलली. सुरगाण्याकडची होती. "सकाळपासून उभीच व्हते मी, सर. खुर्ची एकच व्हती, ती पेशंटला. मागून पटापट, पटापट म्हणत व्हते." आणि ती रडायला लागली. "ताई, मला जागा म्हाईत व्हती. बाही निघेना, आन् समोर सगळी माणसं. तुम्ही लाजल्या, मीबी लाजले."

खरं सांगते, तोपर्यंत मला तिची लाज दिसलीच नव्हती. माझीच दिसत होती.

त्या दुपारी प्रकरण मिटलं. उपचाराचा सगळा खर्च, बुडालेला पगार, आणि मला सगळ्यात हवं होतं ते, कंपनीच्या नावे पत्र. हे दुखणं जुनं नाही, शिबिरात झालेलं आहे आणि बरं होणारं आहे. मॅडमनी विचारलं, "अजून काही?" मी त्या पोरीच्या नोकरीचं म्हणणार होते. काय म्हणणार होते ते आता मला सांगवत नाही. त्याआधी मास्टरांनी विचारलं, "मी बोलू का?"

"बोला."

"हिला काढू नका, असं लिहा. नवा कारागीर कापड बिघडवतो तेव्हा आम्ही त्याला शिकवतो. हाकलला तर तो दुसऱ्या दुकानात जाऊन तेच कापड बिघडवतो. आणि पुढच्या शिबिरापासून बायकांना पडदा, आणि सिस्टरला बसायला खुर्ची."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, कारण सही माझी होती. मी म्हटलं, "लिहा. आणि कात्री पण लिहा." पडदा, दोन खुर्च्या, कात्री. तडजोडीच्या कागदावर हे शब्द आहेत, कुणालाही दाखवीन.

बाहेर आल्यावर मी मास्टरांना गाठलं. आभार मानायचे होते, पण तोंडातून निघालं, "लवंगी मिरची काय हो?"

"चांगलं आहे की," ते म्हणाले. "आधी 'भांडकुदळ' लिहिणार होतो. तुमच्या भाभीने अडवलं."

पत्र कंपनीत गेलं. माझं नाव यादीत राहिलं आणि पुढच्या वर्षी मी कायम झाले. पेढे द्यायला दुकानात गेले तेव्हा मी वहीतलं वर्तुळ खोडा म्हणून हट्ट धरला. मास्टर नाही म्हणाले. तोवर माझी बोटं चौकटीवर बरीच वर गेली होती, पण दंड कानापासून चार बोटं लांब होता.

"कागदावर मिटलं, ताई. हातात नाही मिटलं. कानाला लागला की मी स्वतः खोडीन."

पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. माणूस बरा व्हायला लागला की ज्याने बरं केलं त्याच्याकडे जाणं कमी होतं. ओव्हरटाइम, मुलीची परीक्षा, घराचा रंग. घरी भिंतीवर बोटं चढवायची, पण भद्रकालीला जाणं राहून गेलं. मास्टर गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. दुपारी मशिनवर बसल्या बसल्याच छातीत कळ आली म्हणे. मी ज्याच्याशी तारखेवरून अकरा वर्षं भांडले, त्याला साधं 'तुमचे उपकार आहेत' एवढंही कधी बोलले नाही. मिरची ना मी! आता इथे बोलते आहे, तुमच्यापुढे. मास्टर, माझा हात तुम्ही मला परत दिला, आणि माझी रागावण्याची सवय थोडी कमी केलीत. थोडीच.

चाळीस दिवसांनी भाभीने दुकान उघडलं. यंदाच्या खंडेनवमीच्या आधी मी कापड घेऊन गेले. तिने मला काही बोलू दिलं नाही, सरळ पडद्याआड घेतलं. माझा मोरपंखी तुकडा खालून तिसऱ्या ओळीत होता तसाच. ती टेप लावत होती आणि आकडे मनातल्या मनात धरून ठेवत होती. मधे मधे तिचे ओठ हलत. दंडाशी आली तेव्हा मी म्हटलं, "बारा ठेवा." ती थोडी हसली.

शेवटी दोन्ही हात वर करायचे. उजवा गेला. डावा हळूहळू गेला, खांद्याच्या वर, भुवईच्या वर, आणि दंड कानाला टेकला. पूर्ण टेकला.

भाभीचे डोळे चमकले. ती भर्रकन पडद्याकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, "लगा जी! कान को लगा! लिखो!"

पलीकडे मशिनवर वही होती, वहीत पेन्सिल होती. पंखा फिरत होता.

भाभी पडद्याकडे तोंड करून तशीच उभी राहिली. मी तिच्या मागे. आणि हात मी खाली घेतला नाही.